नोंदवहीत नसलेला रोग : रुग्णालयातील मुले, बुरशी आणि वऱ्हाड

#थ्रेड #वैद्यकाचाइतिहास #वऱ्हाड

१/
२० मे २०२१. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवले की म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘काळी बुरशी’ म्हणून बसलेला रोग, साथरोग कायद्याखाली नोंद करण्याजोगा मानावा. हा कायदा १८९७ चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी केलेला. रँडच्या पथकांनी पुण्यात घरे तपासली ती याच कायद्याच्या बळावर. १२४ वर्षांनंतर तोच कायदा एका बुरशीसाठी हाती घ्यावा लागला. गंमत अशी की ही बुरशी माणसाकडून माणसाला लागतच नाही. मग साथीचा कायदा कशासाठी? उत्तर सरळ आहे : नोंद व्हावी म्हणून.

२/
या थ्रेडचा विषय तोच आहे, नोंद. मात्र आपण प्रौढांच्या काळ्या बुरशीवर थांबणार नाही. रुग्णालयात दाखल असलेल्या मुलांच्या, त्यातही नवजात बाळांच्या रक्तात आणि अवयवांत शिरणाऱ्या बुरशीचा इतिहास पाहायचा आहे. तो स्टॉकहोममध्ये सुरू होतो, पिंपरी आणि परळवरून जातो आणि अमरावती-अकोल्याच्या बालकक्षांपर्यंत येतो. या प्रवासात एक प्रश्न सोबत ठेवा : ज्या रोगाला नाव मिळत नाही, त्याचे औषध कोण मागवणार?

३/
प्रथम बुरशीची ओळख. पावसाळ्यात भाकरीवर, भिजलेल्या कडब्यावर, ओल्या सरकीच्या ढिगावर जी दिसते, तिचेच हे गोत्र. तिचे सूक्ष्म बीजाणू प्रत्येक श्वासाबरोबर आपल्या आत जातात. कॅन्डिडा नावाची यीस्ट-बुरशी तर निरोगी माणसाच्या तोंडात आणि आतड्यात मुक्कामालाच असते. शरीराची उष्णता, अखंड त्वचा, पांढऱ्या पेशी आणि आतड्यातील जिवाणूंची गर्दी हे चार पहारेकरी तिला मर्यादेत ठेवतात. पहारा ढळला की ती रक्तात उतरते, मूत्रपिंड, डोळा, मेंदू गाठते. या अवस्थेला वैद्यक ‘आक्रमक बुरशीसंसर्ग’ म्हणते.

४/
मुलांच्या बुरशीचा शास्त्रीय इतिहास एका अनाथ बालकाश्रमात सुरू झाला. स्टॉकहोमचे वैद्य फ्रेडरिक बर्ग यांनी १८४१ च्या सुमारास तान्ह्या मुलांच्या तोंडातील पांढरा थर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यात बुरशीचे तंतू पाहिले. १८४२ मध्ये पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी यांनीही तेच नोंदवले. पुढे बर्ग यांनी हा थर निरोगी बाळांच्या तोंडाला लावून रोग उत्पन्न होतो हे दाखवले. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग अक्षम्य ठरेल. ज्या बाळांना विचारणारे कोणी नव्हते, त्यांच्या शरीरावर हे ज्ञान उभे राहिले, हे विसरू नये.

५/
आपल्याकडे आज्या-पणज्यांना हा पांढरा थर ठाऊक होता. टाकणखार मधात कालवून बाळाच्या तोंडाला लावण्याची रीत घरोघर होती; आजचे बालरोगतज्ज्ञ तान्ह्या बाळाला या दोन्ही गोष्टी देऊ नका असे बजावतात. पुढे दवाखान्यातले जांभळे औषध आले. पण हा सारा उपचार तोंडापुरता. बुरशी रक्तात उतरू शकते ही कल्पना घरातही नव्हती आणि सरकारी दप्तरातही नव्हती.

६/
आता वऱ्हाडाचे दप्तर उघडू. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. कापसाच्या हिशेबाच्या वह्या चोख ठेवल्या गेल्या. मृत्यूच्या नोंदी मात्र गावपातळीवरच्या तोंडी माहितीवर भरल्या जात. ब्रिटिश हिंदुस्थानात सर्वत्र त्या नोंदींत सर्वांत मोठा रकाना एकच असे : ‘ताप’. मलेरिया, विषमज्वर, न्यूमोनिया, बाळंतपणानंतरचा संसर्ग, सारे त्याच रकान्यात. त्यात एखाद्या बाळाच्या रक्तातली बुरशी असेल, तर ती आपल्याला आता कधीच वेगळी काढता येणार नाही.

७/
त्याच काळात रुग्णालयेही उभी राहत होती. व्हाइसरॉयची पत्नी लेडी डफरीन यांनी १८८५ मध्ये स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी स्थापन केला. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक आजही ‘डफरीन’ म्हणतात, अकोल्याच्या स्त्री रुग्णालयाला ‘लेडी हार्डिंग’, आणि अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाला ‘इर्विन’. व्हाइसरॉय गेले, पाट्या बदलल्या, तरी बोलण्यात ही नावे उरली. वऱ्हाडातल्या कित्येक पिढ्यांची पहिली किंकाळी याच भिंतींनी ऐकली.

८/
विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मलेल्या हजार बाळांपैकी दोनशेच्या आसपास पहिला वाढदिवस पाहत नसत. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत हा आकडा देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ होता. हे यश प्रचंड आहे. पण याच यशाच्या पोटात आपली गोष्ट दडली आहे. पूर्वी कमी दिवसांचे, किलोभर वजनाचे बाळ एक-दोन दिवसांतच जाई. बुरशीला संधी मिळावी इतका काळ ते जगतच नसे. आज ते जगते, आणि आठवडेच्या आठवडे रुग्णालयात राहते.

९/
या बदलाचे एक केंद्र पिंपरीत होते. १९५४ मध्ये, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना तेथे स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी देशी पेनिसिलीन तयार होऊ लागले. जिवाणूंनी मरणारी मुले वाचू लागली. परंतु याच दशकात जगभरच्या डॉक्टरांना एक नवी गोष्ट दिसू लागली : अनेक प्रकारच्या जिवाणूंना मारणारी प्रतिजैविके दिली की मागोमाग कॅन्डिडा वाढतो. शेतातील एक पीक उपटले की मोकळ्या जागी तण माजते, तसेच हे. आतड्यातील जिवाणूंचा पहारा औषधानेच उठवला होता.

१०/
म्हणजे बुरशीला मारणारे वेगळे औषध हवे होते. ते शोधले दोन स्त्रियांनी. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात, रेचल ब्राउन आल्बनीत. दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात. हेझन मातीचे नमुने तपासत आणि उपयुक्त वाटणारे जिवाणू टपालाने आल्बनीला धाडत. ब्राउन त्यांतून औषधी द्रव्य वेगळे करून परत पाठवत. व्हर्जिनियातील एका मित्राच्या शेतातल्या मातीत त्यांना हवा तो जिवाणू सापडला. १९५० मध्ये शोध जाहीर झाला आणि न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून औषधाला ‘निस्टॅटिन’ नाव मिळाले. स्वामित्वधनाचे सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर दोघींनी संशोधनासाठी देऊन टाकले.

११/
निस्टॅटिन तोंडातली आणि आतड्यातली बुरशी आवरते. रक्तात मात्र ते देता येत नाही. रक्तातल्या बुरशीसाठी उत्तर आले दक्षिण अमेरिकेतून. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून स्क्विब कंपनीच्या शास्त्रज्ञांनी पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर अँफोटेरिसिन बी तयार केले. बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो. हे औषध त्याला चिकटून आवरणाला छिद्रे पाडते. आपल्या पेशींत त्या जागी कोलेस्टेरॉल असते. दोन्ही दूरचे नातलग असल्याने औषधाचा नेम कधी कधी चुकतो.

१२/
त्या चुकीची किंमत रुग्ण भरतो : कडक थंडी, ताप, उलट्या आणि मुख्यतः मूत्रपिंडांवर घाव. शरीरातील पोटॅशियम झपाट्याने उतरते. मोठ्या माणसालाही हे जड जाते, मग दीड किलोच्या बाळाचे काय? मात्रा वजनावर मोजायची, शिरेतून तासन्‌तास सावकाश सोडायची, रोज रक्त तपासायचे. बालकक्षातील डॉक्टर आणि परिचारिकांच्या कित्येक रात्री या हिशेबात जातात. तरीही दीर्घकाळ दुसरा भरवशाचा पर्याय नव्हता.

१३/
या शोधयात्रेत महाराष्ट्राच्या मातीचाही वाटा आहे, आणि तो शालेय पुस्तकांत क्वचितच भेटतो. पिंपरीच्या त्याच सरकारी कारखान्यात एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास स्थानिक मातीतील जिवाणूपासून ‘हॅमायसिन’ हे बुरशीरोधक औषध मिळवले. जिवाणूचे नाव ठेवले स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. पिंपरी गाव असे जीवशास्त्राच्या नामकोशात गेले. हॅमायसिन रक्तातून देण्याचे सर्वमान्य औषध झाले नाही. पण स्वातंत्र्यानंतर अवघ्या दीड दशकात एका भारतीय प्रयोगशाळेने या कुळातले आपले औषध शोधले, ही नोंद महत्त्वाची.

१४/
पुढचा टप्पा मुंबईच्या परळचा. अँफोटेरिसिनचा विखार कमी करण्यासाठी ते स्निग्ध द्रव्याच्या अतिसूक्ष्म गोलकांत भरायचे, म्हणजे मूत्रपिंडाला झळ कमी बसते. याला लायपोसोमल रूप म्हणतात. परदेशी औषध फार महाग होते. दिल्ली विद्यापीठात बी. के. बच्छावत यांच्या गटाने देशी लायपोसोमल रूप घडवले आणि त्याच्या रुग्णचाचण्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या नेतृत्वाखाली झाल्या. महापालिकेच्या रुग्णालयात, खाटेला खाट लागलेल्या कक्षांत हे काम झाले.

१५/
औषधे येत होती, तशी बुरशीची दारेही उघडत होती. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना औषधाने काही काळ जगवून दाखवले. पण त्या उपचारांत पांढऱ्या पेशी घटतात. १९६८ मध्ये फिलाडेल्फियात एका अर्भकाला संपूर्ण अन्न शिरेतून देऊन वाढवता येते हे सिद्ध झाले. पण ती साखर-स्निग्धयुक्त नळी कॅन्डिडाला आवडते. काचेची पेटी, श्वासनलिकेतील नळी, नाळेतील नळी, स्टेरॉइड, दीर्घ प्रतिजैविके : प्रत्येकाने लक्षावधी मुले वाचवली आणि प्रत्येकाने बुरशीला एक फट दिली. दोष साधनांचा नव्हे. फटीवर नजर ठेवण्याचे काम मागे पडले.

१६/
नजर न राहिल्यास काय होते? चंडीगडच्या पीजीआय संस्थेत १९९६ ते १९९८ या काळात पिचिया अनोमाला नावाच्या, तोवर फारशा न ऐकलेल्या यीस्टने २३ महिन्यांत ३७९ नवजात बाळे आणि मुले ग्रासली. अरुणालोक चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी त्याचा माग काढून निष्कर्ष जगापुढे ठेवले. यीस्ट कर्मचाऱ्यांच्या हातांवर सापडली. हात धुण्याची जोरदार मोहीम आणि धोक्यातील बाळांना प्रतिबंधक औषधे, असे दोन्ही केल्यावर उद्रेक आटोक्यात आला. ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, कारण त्या संस्थेकडे बुरशी ओळखणारी प्रयोगशाळा होती आणि जे घडले ते प्रसिद्ध करण्याचा प्रामाणिकपणा होता.

१७/
श्रीमंत देशही सुटले नाहीत. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या बालरुग्णालयात २००८-०९ मध्ये म्युकरमायकोसिसने पाच मुले दगावली. संशयाची सुई रुग्णालयातील चादरी-कापडांवर येऊन थांबली. धुतल्यानंतर ती नीट राखली न गेल्याने त्यांवर बीजाणू वाढले होते. जगाला हे कळले २०१४ मध्ये. कापसाच्या मुलखातल्या वाचकाला हे लगेच पटेल : दमट जागी रचलेले कापड बुरशी धरते, मग ते धुतलेले का असेना.

१८/
आता पुन्हा वऱ्हाड. २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून जिल्हा रुग्णालयांत विशेष नवजात शिशू कक्ष, म्हणजे एसएनसीयू, उभे राहिले. धारणी-चिखलदऱ्याच्या दुर्गम पाड्यावरचे कमी वजनाचे बाळ घाट उतरून अमरावतीच्या पेटीत पोहोचू लागले. मेळघाटातील कुपोषण नव्वदच्या दशकापासून देशाला माहीत आहे. कुपोषणाने आधी प्रतिकारशक्तीच खचते. अशा बाळाचा ताप प्रतिजैविकांनी उतरला नाही, तर बुरशीचा संशय घ्यायला हवा. पण रक्ताच्या कल्चरला दिवस लागतात आणि खोलवर शिरलेला कॅन्डिडा त्यात निम्म्या वेळा सापडतच नाही. मग कागदावर शब्द येतो ‘सेप्सिस’. पूर्वी ‘ताप’ हा शब्द जे काम करी, तेच काम हा शब्द करतो.

१९/
२०२१ च्या फेब्रुवारीत राज्यातील दुसऱ्या लाटेची पहिली चाहूल अमरावती-अकोल्यात लागली; २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत टाळेबंदी आली. करोनाच्या गंभीर रुग्णांना स्टेरॉइड जीवदान देते हे २०२० मध्ये सिद्ध झाले होते. तेच स्टेरॉइड अवाजवी दिले गेले, त्यात मधुमेह जडला, की म्युकरला रान मोकळे होई. बहुसंख्य रुग्ण प्रौढ होते, पण मुलेही वाचली नाहीत : त्या जूनमध्ये मुंबईत ४, ६ आणि १४ वर्षांच्या तीन मुलांचा एकेक डोळा काढावा लागल्याचे प्रसिद्ध झाले. जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात.

२०/
त्या दिवसांत अँफोटेरिसिनच्या एका कुपीसाठी नातेवाईक शहरे पालथी घालत होते. मेच्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने हे इंजेक्शन बनवायला घेतल्याची घोषणा झाली. ७००० रुपयांच्या जागी १२०० रुपये किंमत सांगण्यात आली. १२ जूनला वस्तू व सेवा कर परिषदेने या औषधावरचा कर शून्यावर आणला. अमरावतीपासून काही तासांच्या अंतरावर, विदर्भातच हे औषध बनू शकत होते! मग आधी का बनले नाही? कारण रोगाला नाव, नोंद आणि आकडा मिळाला तो मे महिन्यात. आकडा आला, मागणी दिसली, कारखाना हलला, कर हटला.

२१/
मुलांच्या रक्तातील कॅन्डिडाच्या वाट्याला अशी सक्तीची नोंद आली नाही. तो वर्षभर, एकेका पेटीत, एकेका बाळाला गाठतो. एका दिवशी एका गावात शंभर नातेवाईक रस्त्यावर येत नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इतिहासात प्रथमच धोकादायक बुरशींची यादी काढली. त्यातील १९ पैकी सर्वांत गंभीर गटात कॅन्डिडाच्या दोन जाती आहेत. त्यांतील कॅन्डिडा ऑरिस ही जात २००९ मध्ये जपानमध्ये प्रथम वर्णिली गेली आणि काही वर्षांतच भारतातील अतिदक्षता कक्षांत आढळली. ती अनेक औषधांना दाद देत नाही. यादी झाली, जिल्ह्याच्या वहीत रकाना होणे बाकी आहे.

२२/
हे सारे वाचून पेटीची भीती मनात धरू नका. पेटीने वाचवलेली मुले बुरशीने गमावलेल्या मुलांपेक्षा कित्येक पटींनी अधिक आहेत. विदर्भानेच यावर दुसरी वाटही दाखवली : गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातील प्रशिक्षित स्त्रियांकरवी घरीच नवजात बाळाची काळजी घेतली आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. त्या कामात गावोगावच्या जन्म-मृत्यूंची काटेकोर मोजणी होती. प्रत्येक बाळ वहीत होते, म्हणून काय बदलले ते सांगता आले.

२३/
इतिहासाची आवड असणाऱ्या मित्रांनो, आपण बखरी, ताम्रपट, शिलालेख वाचतो. कधी जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमधील मृत्यूचे तक्तेही वाचा. ‘ताप’ या रकान्यात किती वेगवेगळी दुःखे एकत्र कोंबली आहेत, याचा विचार करा. मग आजच्या ‘सेप्सिस’कडे पाहा. शंभर वर्षांनी अमरावती-अकोल्याचा इतिहास लिहिणाऱ्याला आपल्या काळातील बाळे कशाने गेली हे कळेल की नाही, हे आज त्या कक्षात रक्ताचे कल्चर लागते की नाही आणि त्याचा निकाल कोणी वहीत उतरवतो की नाही, यावर ठरणार आहे.

२४/
आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : डफरीन, लेडी हार्डिंग किंवा इर्विनमधील जुन्या बालकक्षांच्या कोणत्या आठवणी त्यांच्याकडे आहेत? परिचारिका, दाई, औषधनिर्माते कोणी असतील तर त्यांच्याशी जरूर बोला आणि ऐकलेले तारीख-वारासह लिहून ठेवा. थ्रेड उपयुक्त वाटला तर वैद्यकीय शाखेतील मित्रांपर्यंत पोहोचवा.

(समाप्त)